पाडव्याचा करार आणि परसातले वाटेकरी

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त. या दिवशी दारोदार गुढ्या उभ्या राहतात, कडुनिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर चाखला जातो, नव्या संवत्सराचे फल पंचांगातून ऐकले जाते. परंतु पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत या मुहूर्ताला आणखी एक अर्थ होता आणि तो कोणत्याही पंचांगात छापलेला नसे. शेतकऱ्याच्या घरच्या सालगड्याचे साल पाडव्याला संपे आणि पाडव्यालाच नवे साल सुरू होई. धान किती, रोख किती, कपडा आणि जोडा कोणत्या सणाला, हे सारे त्या दिवशी ओसरीवर बसून ठरे. एकदा शब्द दिला की तो पुढल्या पाडव्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पाळायचा, अशी रीत होती. हा तोंडी करार आम्ही बालपणापासून पाहत आलो. मात्र याच दिवशी आणखीही काही करार करावे लागतात, आणि त्यांतली दुसरी बाजू ओसरीवर येऊन बसत नाही, हे कळण्यासाठी आमच्या घराला १९८६ सालचा चैत्र पाहावा लागला. नववर्षाच्या निमित्ताने त्याची ही हकीकत.

आमचे गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या जलाशयापासून फार दूर नाही. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्याचे रहिवासी. सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीतला हा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी घातला, असे परंपरा सांगते. पुढे लोकांनी त्यांस कोलासुर देव म्हणून पूजिले. पाणी अडविणाऱ्या माणसाला देवत्व देणारा हा मुलूख आहे. भोवतीचे रान १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात सामील झाले. आमच्या घरापुढे रस्ता, घरामागे भाजीपाल्याची सांदवाडी, सांदवाडीपलीकडे धानाच्या बांध्या आणि बांध्यांपलीकडे रान. मध्ये कुंपण होते ते काट्याकुट्यांचे. रान नेमके कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, हे त्या कुंपणाला विचारले असते तर त्यालाही सांगता आले नसते.

फाल्गुन सरता सरता

होळीची राख निवली की आमच्या घरी कामांचा एकच गजबजाट उडे. बांबूच्या मोठ्या ढोल्या रिकाम्या करून उन्हात ठेवायच्या, त्यांना शेणमातीचा हात द्यायचा आणि वाळल्या की बियाण्याचे धान परत भरायचे. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा. लाखोळी आणि जवस झोडपून, पाखडून, मडक्यांत भरून ठेवायचे. गोठ्यामागचा तणसाचा ढीग हलवून खालची जागा झाडायची. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे छपरावरची कवेलू उतरवून, फुटकी वेगळी काढून, वासे झटकून, पुन्हा ओळीने बसवायची. हे काम मृगापूर्वी झाले नाही तर पावसाळाभर घरातली भांडी गळतीखाली मांडावी लागत.

या प्रत्येक कामात कोणी ना कोणी आमच्या आधी येऊन बसलेले असे. ढोलीमागे उंदरांची बिळे असत. पोताऱ्याच्या भिंतीवर कुंभारमाशीने मातीची घरकुले बांधलेली असत. न्हाणीच्या ओल्या कोपऱ्यात बेडूक फुगून बसलेला असे. आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे असे आणि माळ्यावरच्या अंधारात दिवसा झोपणारे उदमांजर रात्री आमच्या आढ्यावरून असे चालत जाई की पाहुणे दचकून उठून बसत. कवेलूंच्या आणि वाशांच्या सांध्यांत तर चिमण्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्यांचा. आजी म्हणे, "आपला घर नाही बाबू, आपण पुढच्या खोल्यांत राहतो एवढाच."

कवेलू फेरण्याविषयी आजीचा एक दंडक होता. ज्या ओळीखालून चिमणीच्या पिलांचा आवाज येतो, ती ओळ सर्वांत शेवटी. चिमणी अंडी उबविते सुमारे बारा दिवस, आणि पिले घरट्याबाहेर झेप घेण्यास आणखी पंधरवडाभर लागतो. म्हणजे सगळा हिशेब एका महिन्याच्या आतलाच. बाबांना हा दंडक गैरसोयीचा वाटे, कारण मजूर एकदाच मिळत आणि शिडी एकदाच लागे. पण आजीचा त्यावर तोडगा होता. त्या दिवसांत सांदवाडीतल्या वांग्याभेंड्यांवरून चिमण्या किती अळ्या टिपून नेतात, हे ती आम्हां मुलांना उन्हात बसवून मोजायला लावी. दाणे खाणारा हा पक्षी पिलांना मात्र किडेच भरवितो, हा धडा आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी तेथे शिकलो.

एक चूक

परंतु आमचे घर काही साधुसंतांचे नव्हते. १९८५ च्या फाल्गुनात तणसाचा ढीग हलविताना एक लांबलचक धामण निघाली. सालगडी, शेजारची दोन मुले आणि आम्ही भावंडे काठ्या घेऊन धावलो. ती पळून जाऊ पाहत होती. आम्ही जाऊ दिली नाही. धामण गाईचे दूध पिते, शेपटीने मारते, असे जे जे ऐकले होते ते सर्व त्या क्षणी आम्हांस खरे वाटत होते. त्यांतले काहीच खरे नाही. धामण बिनविषारी असते आणि तिचे मुख्य भक्ष्य उंदीर आणि बेडूक. आजी बाहेर आली, मेलेल्या सापाकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेली.

त्या वर्षी बियाण्याच्या ढोलीला तळाशी उंदरांनी भोक पाडले. रोहिणी नक्षत्रात धान काढायला गेलो तर तिसरा हिस्सा टरफले होती. बियाणे उसने आणावे लागले. एवढ्या एका धामणीमुळेच हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. उंदरांचे साल कमीजास्त असतेच. मात्र श्रावणात त्याच ढोलीच्या आडोशाला उंदरांच्या मागावर आलेला नाग निघाला आणि काकूचा हात त्याच्यापासून वीतभर अंतरावरून मागे आला, तेव्हा आजीने काही महिन्यांनंतर तोंड उघडले. "पहारेकरी मारला, मंग चोर आला आन्‌ चोरामागं मालक आला," एवढेच ती म्हणाली.

मोहाखाली

आता त्या चैत्राकडे वळू. आमच्या सांदवाडीच्या टोकाला, बांध्यांना लागून, मोहाची तीन जुनी झाडे होती. मोहाचे फूल रात्री उमलते. वटवाघळे रात्रभर त्या फुलांवर झुंबड करतात आणि त्यांच्यामार्फत परागीभवन होते. पहाटेपासून टपोरी, पिवळसर, गोड फुले झाडाखाली टपटप पडू लागतात. झाडीपट्टीत मोहफूल हे केवळ फूल नव्हे. ते वाळवून साठविले जाते, विकले जाते, जनावरांना दिले जाते, टंचाईत माणसेही खातात. पुढे उन्हाळ्यात त्याच झाडाला टोळ लागते आणि तिच्या बियांचे तेल निघते. आमच्या घरी मोहफुलांचे पैसे हे बायकांचे पैसे मानले जात. मीठ, मिरची, मुलांच्या वह्या आणि आजारपण त्यांतून भागे.

हेच फूल अस्वलालाही अतिशय प्रिय. आपल्याकडचे अस्वल वाळवी, मुंग्या, मध, बोरे, टेंभुर्णी यांवर जगते आणि चैत्रात मोहाखाली येते. त्याला दिसते बेताचे, ऐकूही बेताचेच येते. खाण्यात ते गढलेले असले म्हणजे माणूस अगदी जवळ येईतो त्याला पत्ता लागत नाही. मग दचकलेले ते जनावर पळण्याऐवजी अंगावर येते. त्यातून मादीची पिले हिवाळ्यात जन्मलेली असतात आणि मोहाच्या दिवसांत ती आईच्या पाठीवर बसून प्रथमच हिंडत असतात. म्हणजे ज्या वेळी माणूस टोपली घेऊन निघतो, त्याच वेळी आणि त्याच झाडाखाली पिलांची आईही आलेली असते.

१९८६ च्या पाडव्याला चार दिवस उरले असताना आमचे काका पहाटे अंधारातच एकटे टोपली घेऊन गेले. फुले बकऱ्यांनी खाण्यापूर्वी वेचावीत, एवढाच हेतू. झाडाखाली घाणेरीची झुडपे माजली होती. झुडपापलीकडे काय आहे हे त्यांना दिसले नाही, आणि पलीकडे जी होती तिलाही काका दिसले नाहीत. आम्ही ओरडा ऐकून कंदील घेऊन धावलो तेव्हा दोन पिले पाठीवर घेतलेली अस्वली बांधीतून रानाकडे निघून चालली होती. काकांचे डोके आणि उजवा हात फाटला होता. बैलगाडीतून पक्क्या रस्त्यापर्यंत आणि तेथून मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात त्यांना नेले. ते वाचले. डावा डोळा मात्र गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी भाऊबंद कुऱ्हाडी घेऊन ओसरीवर जमले. झाडच नको, म्हणजे अस्वल येणार नाही, असा सर्वांचा विचार. काही जण तर रात्री फुलांत विष ठेवावे या मताचे होते. आजीसुद्धा गप्प होती. मुलगा दवाखान्यात असता तिने कोणत्या तोंडाने बोलावे? अशा वेळी बोलली ती काकू. डोक्यावरचा पदर सावरून, दाराआडून, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मामाजी, हे तीन झाडं कापून टाकाल, त पुढच्या साली मले मोहफुलासाठी नाल्यापलीकडं रानात जावं लागन. अस्वल आज आपल्या घरी आला होता. तवा मीच त्याच्या घरी जाईन. कोनतं बरं?"

कुऱ्हाडी भिंतीला टेकल्या. त्या बाईचे कुंकू थोडक्यात बचावले होते आणि तरीही हिशेब तिनेच अचूक मांडला होता.

ओसरीवरच्या अटी

दुसऱ्या दिवशी गुढी उभारून झाली, सालगड्याचे साल ठरले, आणि मग आजोबा म्हणाले की आता दुसरा करार करू. बाबांनी पंचांगाच्या मागल्या कोऱ्या पानावर एकेक अट लिहून घेतली. ते पान आजही आमच्या घरी आहे.

पहिली अट अशी की सूर्य वर आल्याशिवाय मोहाखाली कोणी जायचे नाही. जाताना दोघांतिघांनी मिळून, बोलत आणि काठी आपटत जायचे. फुले थोडी बकऱ्यांनी खाल्ली तरी चालतील. दुसरी, झाडाखालची घाणेरी दरवर्षी फाल्गुनातच छाटून टाकायची, म्हणजे दोन्ही बाजूंना दुरून दिसेल. तिसरी, फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायचा नाही, झाडूनच काढायचा. या विस्तवाचा वणवा होतो आणि वणव्याने रान जळाले की रानातले खाणे संपून जनावर गावाकडे वळते. चौथी, अंगणात वाळत घातलेली फुले दिवेलागणीपूर्वी घरात घ्यायची. पाचवी, नाल्यापलीकडच्या मोहांची फुले आपण वेचायची नाहीत. तो वाटा त्यांचा. पोट तेथेच भरले तर येथे यायचे कारण नाही.

सहावी अट आजीने घातली. तणसाचा ढीग घराच्या भिंतीपासून दूर रचायचा, हात घालण्यापूर्वी काठीने ठोकायचा, आणि साप निघाला तर त्याला वाट द्यायची. सातवी अट चिमण्यांची. ती तर जुनीच होती, आता ती लेखी झाली.

या करारात भाबडेपणा नव्हता, हे सांगितले पाहिजे. जमिनीवर निजायचे नाही, खाटेवर मच्छरदाणी खोचून निजायचे, हा नियमही त्याच वर्षापासून घरात आला, कारण रात्री अंथरुणात शिरून चावणारा मण्यार हा दयेने वागणारा शेजारी नव्हे. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्या देशात तयार होते आणि वेळेवर मिळाले तर प्राण वाचतात. वाटा देणे म्हणजे बेसावध राहणे नव्हे.

काका घरी परतले ते चैत्र पौर्णिमेच्या आसपास. एका रात्री चांदणे पिठासारखे पडले होते आणि मोहाखाली काही हलताना दिसले. तीच अस्वली असावी. पाठीवर दोन काळे गोळे होते. आम्ही मागल्या खिडकीशी गोळा झालो. कोणी डबा वाजवू म्हटले. काकांनी हातानेच नको केले. बराच वेळ ते उरल्या डोळ्याने पाहत राहिले, आणि मग घरात माणसे जागी आहेत हे तिला कळावे अशा बेताने दोनदा मोठ्याने खाकरले. ती थांबली, नाक वर केले, आणि सावकाश बांधीच्या धुऱ्याने निघून गेली. काकांनी खिडकी लावून घेतली. त्यानंतर हयातभर त्यांनी त्या जनावराविषयी वाईट शब्द काढला नाही आणि चांगलाही काढला नाही.

आजचे साल

या अटींनी सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. रानडुकरांनी आमची रताळी उकरली, वानरांनी आंब्याचा मोहोर ओरबाडला, एका शेजाऱ्याच्या दोन शेळ्या बिबट्याने नेल्या. आता अशा हानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. तथापि गेलेला डोळा कोणत्याही रकमेने परत येत नाही. मात्र एवढे खरे की १९८६ नंतर आमच्या घरातल्या कोणा माणसावर त्या मोहाखाली हल्ला झाला नाही, आणि तिन्ही झाडे उभी आहेत.

असे करार करणारे आमचेच घर नव्हे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात आज तो प्रामुख्याने गोंदिया आणि आसपासच्या जिल्ह्यांतच उरला आहे. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. बहुधा दोन अंडी, आणि ती उबविण्यास महिनाभर लागतो. घरट्याभोवतीचे धान तसेच राखून त्याला निवांत जागा देणारे शेतकरी आमच्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना साथ देणारे निसर्गप्रेमी तरुणही आहेत. नवेगावबांधच्या परिसरात वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांचे असले ज्ञान आदराने ऐकले आणि मराठीत आणले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले. लेखणी त्यांची असली तरी शाळा ही झाडीच होती, असे ते स्वतः मानीत.

काळ मात्र पालटला आहे. २००९ मध्ये आमच्या घराच्या मागल्या अर्ध्या भागावर स्लॅब पडला. गळती थांबली, कवेलू फेरण्याचे कष्ट वाचले, आणि त्या बाजूच्या चिमण्या गेल्या. घर पक्के करताना आम्ही पंचांगामागचे ते पान वाचायला विसरलो, हे कबूल केलेच पाहिजे. पुढे २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, तेव्हा पुतण्याने लाकडी खोकी करून वळचणीला टांगली. पहिली दोन वर्षे ती रिकामीच राहिली. तिसऱ्या वर्षी एका खोक्यातून काडी लोंबताना दिसली, त्या दिवशी काकूने, ती तेव्हा सत्तरीला आली होती, घरात सर्वांना गूळ वाटला.

आता आमच्याकडे सालगडी नाही. नांगरट तासाच्या भाड्याने ट्रॅक्टरवर होते. ओसरीवरचा माणसांचा करार संपला, पण दुसरा चालू आहे. गुढीची पूजा झाली की पुतण्या ते पिवळे पडलेले पान काढतो आणि सातही अटी मोठ्याने वाचतो. घरातली लहान मुले ऐकतात. दोन वर्षांपूर्वी नातीने विचारले की अस्वलाने सही कोठे केली आहे. कोणालाच उत्तर सुचले नाही. मग काकूने तिला जवळ घेतले आणि भिंतीवरच्या काकांच्या तसबिरीकडे, डाव्या बाजूला, बोट दाखविले.

उद्या आपण सारे घरे झाडून, सारवून, उंबऱ्यावर रांगोळी घालून नव्या वर्षाचे स्वागत करू. झाडताना एखादे घरटे, एखादे बीळ, एखादी कुंभारमाशीची घरकुली केरसुणीखाली येईल. ती पाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि तेथे कोणी राहते आहे काय, एवढे पाहून घ्यावे. राहत असेल तर ती ओळ शेवटी घ्यावी. नूतन संवत्सर वाचकांना आणि त्यांच्या परसातल्या सर्व वाटेकऱ्यांना सुखाचे जावो.